तांब्याच्या बुडाला चार थेंब

मुरगुडातल्या त्या गल्लीत आक्काचा आवाज ओळखायला कुणाला शिकावं लागत नाही. सकाळी सहाला ती म्हशीवर खेकसते, "गजरे, सरक म्हणतो न्हवं!" आणि चार घरं पलीकडची पोरं अंथरुणातून उठून दप्तर शोधायला लागतात. कानात सांगायचं म्हणून ती जे सांगते, ते सुद्धा पिठाच्या गिरणीपर्यंत जातं. त्या भागातल्या बायकांसारखी ती स्वतःबद्दल 'मी करतो, मी जातो' असंच बोलते. खरं नाव तानाबाई, आजीवरून ठेवलेलं, पण ते फक्त रेशनकार्डावर. वय बावन्न. अंगानं काटक, कपाळ मोकळं, दाताला मिश्री. लग्न होऊन कोडोलीला गेली होती. तिसऱ्या वर्षी नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला इतक्या मानानं वाटेला लावलं, की तिची ट्रंक सुद्धा त्यांनीच एसटीत चढवून दिली. हे ती हसत हसत सांगते. ऐकणाऱ्याला मात्र हसावं का गप बसावं ते कळत नाही.

आता घरात दोनच माणसं, आक्का आणि तिचा धाकटा भाऊ कृष्णात. तिसरी गजरी म्हैस. तिला माणसांत धरलं नाही तर कृष्णात रुसतो, कारण ती रेडकू असताना नाव त्यानंच ठेवलं होतं.

कृष्णात आता चाळिशीचा आहे. तरणा होता तेव्हा कागलच्या एमआयडीसीत लेथवर होता, आणि कामाला असा की सुपरवायझर नवी पोरं त्याच्याकडं शिकायला पाठवायचा. बाविसाव्या वर्षी एक दिवस घरी येऊन म्हणाला, "कॅन्टीनच्या च्यात कोणतरी कायतरी घालतंय." घरात सगळे हसले. महिन्याभरात त्याला मशीनच्या आवाजात माणसं बोलताना ऐकू यायला लागली. ती माणसं बरं काही बोलायची नाहीत, शिव्याच घालायची. मग काय विचारता! वडिलांनी देवऋषी केला, अंगारा केला, लिंबं उतरवली. ज्याला जे सुचेल ते गावानं सांगितलं, सांगायला काय जातंय लोकांचं! सगळीकडून हात टेकल्यावर कोल्हापूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. ते नाव आक्काच्या जिभेवर बसायला दोन वर्षं लागली.

पुढं बारा वर्षं एकच रहाट चालला. कृष्णात गोळ्या घ्यायचा, बरा व्हायचा, बरा झाला की गोळ्या बंद करायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्यातच आई-वडील एका मागं एक गेले. सहा वर्षांपूर्वी तर त्यानं जेवणच सोडलं. भाकरी उलटी करून बघायचा, आमटीचा वास घ्यायचा आणि ताट सरकवून द्यायचा. पाणी सुद्धा नळाला तोंड लावून. चार दिवसांत गालफडं बसली. आक्का रडली, ओरडली, शेवटी त्याच्या पाया पडली. तेव्हा तो म्हणाला, "आक्का, माझ्यासमोर धार काढ. तेवढंच पितो."

हे त्याच्या डोक्यात कुठून आलं, ते आक्काला बरोबर कळलं. लहानपणी वडील दोघांना कोल्हापूरला न्यायचे. काम उरकलं की संध्याकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर. तिथं म्हशी ओळीनं उभ्या असतात, गवळी गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर पेल्यात धार काढतो आणि फेसासकट पेला हातात देतो. वडील म्हणायचे, "डोळ्यासमोरचं दूध, हितं कुणाला फसवायला जागाच न्हाय." कृष्णातनं ते तेव्हापासून मनात धरून ठेवलं होतं.

तसं मग रोजचंच झालं. संध्याकाळी कृष्णात गोठ्यातल्या दगडावर बसायचा. आक्का घासून धुतलेला तांब्या आणायची, त्याच्यासमोर तिरका धरायची आणि म्हणायची, "बघ, रिकामा हाय." तो आत डोकावून मान हलवायचा. मग ती गजरीच्या कासेला हात घालायची, तांब्या भरायचा, फेस वर यायचा. तो गटागटा प्यायचा आणि मिशीवरचा फेस बाहीला पुसायचा. दुधावर विश्वास बसला तशी भाकरी सुद्धा आक्काच्या हातची चालायला लागली. बाकी कुणाच्या हातची नाही.

आणि हिनं काय केलं? धुतलेल्या तांब्याच्या बुडाला पाण्याचे चार थेंब असतातच की नाही? तर ते पाण्याचे नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी पातळ औषध दिलं होतं, रंग नाही, वास नाही, चव नाही. "त्याला समजावून द्या, आणि पुढच्या वेळी त्याला घेऊन या," असं त्या म्हणाल्या होत्या. समजावून! भाकरी उलटी करून बघणाऱ्या माणसाला समजवायचं कसं, हे आक्काला कुणी शिकवलं नव्हतं, आणि दवाखान्याबाहेर पन्नास माणसं ताटकळत बसली होती. तिनं त्यातलं 'द्या' तेवढं ऐकलं. दर महिन्याला ती एकटीच कोल्हापूरला जायची आणि बाईंना सांगायची, "येत न्हाय, पण घेतोय गुमान." सहा वर्षं ती त्या बाईंशीही खोटंच बोलत राहिली.

पण वाईट म्हणावं असं त्यात काही दिसेना हो! दोन महिन्यांत कृष्णात झोपायला लागला, अंघोळ करायला लागला. सहा महिन्यांत दुधाचा कॅन सायकलला अडकवून डेअरीला जायला लागला. डेअरीचा सेक्रेटरी विजयसिंह त्याला मुद्दाम दोन शब्द बोलायचा, चेष्टा करायचा, आणि कृष्णात हसायचा. कृष्णात हसतो हे बघून आक्का घरात जाऊन पदर तोंडात धरून रडली होती. कुणी विचारलं, कसा काय बरा झालास, तर तो छाती काढून सांगायचा, "माझ्या मनानं! बोलायचे ते आवाज बोलत राह्यले. मी म्हटलं, बोला लेकांनो, मी ऐकत न्हाय. दमले आनि गेले." हे ऐकलं की आक्का गजरीच्या पाठीवरून उगीच हात फिरवत बसायची.

गेल्या वर्षी दवाखान्याच्या भिंतीवर तिला एक कागद दिसला. मनोरुग्णांच्या घरच्यांसाठी शिबिर, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, राजारामपुरीत एका वाचनालयाच्या वरच्या हॉलात. एका छोट्या संस्थेनं भरवलेलं. आक्काला आधी वाटलं, आपल्याला काय शिकवणार हे? पण गेली, आणि दुसऱ्या महिन्यात पुन्हा गेली. कारण तिथं बसलेल्या पंधरा-वीस माणसांत कुणालाच काही समजावून सांगावं लागत नव्हतं. कागलच्या चंदनाबाई, जैनांच्या, त्यांचा अनेकांत नावाचा मुलगा तीन वर्षं खोलीबाहेर आला नव्हता. आक्का त्यांच्या शेजारी बसली आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणाशी तरी घरचं बोलली. तेही तिच्या त्या आवाजात, त्यामुळं सगळ्या हॉलनं ऐकलं.

शिकवणारी अनुजा, तिशीची पोरगी. गोड बोलायची, पण नुसतं गोड नाही. पहिल्याच दिवशी तिनं फळ्यावर लिहिलं होतं, 'इथलं बोलणं इथंच.' म्हणाली, "हा आपला पहिला नियम. घरी जाऊन नवऱ्याला सुद्धा सांगायचं नाही." आक्का म्हणाली, "मला नवराच न्हाय, मी नियम आधीच पाळलाय," आणि सगळे हसले. आजार कुणाच्या चुकीनं होत नाही, आईच्या नाही, करणीनं नाही, हे अनुजानं इतक्या वेळा सांगितलं की आक्का ते गजरीला पाठ म्हणून दाखवायची. आजारी माणसाशी भांडायचं कसं नाही, आपली झोप कशी सांभाळायची, परत बिघडायला लागलं तर आधी काय दिसतं, सगळं सांगितलं. हे सगळं अठरा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर, असं आक्काच्या मनात यायचं, आणि तिला राग यायचा. कुणाचा ते कळायचं नाही.

फेब्रुवारीचा वर्ग संशयावर होता. अनुजा म्हणाली, "तो म्हणतो जेवणात काहीतरी घातलंय. तुम्ही 'नाही नाही' म्हणून वाद घालू नका. 'हो' सुद्धा म्हणू नका. एवढंच म्हणा, तुला भीती वाटते ते मला कळतंय. कारण घातलेलं नसतं, पण भीती खरी असते."

आक्कानं ते मनाशी पुन्हा म्हटलं. घातलेलं नसतं! साऱ्या जगावर त्याचा संशय. कॅन्टीनवर, शेजाऱ्यांवर, आमटीवर, पाण्यावर. सगळा खोटा. आणि जिच्यावर त्याचा संशय नाही, ती एकटीच रोज घालत होती.

ती उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. तांब्या, चार थेंब, गंगावेशीचा कट्टा, वडिलांचं बोलणं, 'बघ, रिकामा हाय', आणि आमची गजरी अशी आणि आमची गजरी तशी. सांगताना रडली, मध्येच हसली. मग चंदनाबाई जमिनीकडं बघत म्हणाल्या, "आम्ही आमरसात घालतो." मागून एक काका म्हणाले, "कणकेत." मग एकेक करून डाळीत, लस्सीत, शिऱ्यात. निम्मा हॉल तेच करत होता हो!

अनुजा रागावली नाही. म्हणाली, "आक्का, तुम्ही त्याला जगवलंत. पण हे त्याला बाहेरून कळलं, तर पुढं तो कुणाच्याच हातचं घेणार नाही, औषधही नाही. आपण नीट सांगू. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मी स्वतः मुरगूडला येते, डॉक्टरांशी बोलून. तोवर काही बदलू नका." आक्काला डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटलं. खाली बसताना तिला कोपऱ्यातल्या स्टँडवर लावलेला मोबाईल दिसला. "ह्यो फोन कशापायी?" तिनं विचारलं.

"आमच्या नोंदीसाठी हो. बाहेर जात नाही," अनुजा म्हणाली.

आता पुढचं आक्काला एक दिवस उशिरा कळलं, पण तुम्हाला आधी सांगतो. अकरा दिवसांनी सकाळी कृष्णात डेअरीत रांगेत उभा होता. विजयसिंहाच्या मोबाईलवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला होता, 'एका बहिणीची धडपड', खाली संस्थेचं नाव. बाईचा चेहरा धुरकट केलेला. विजयसिंहानं तो मोठ्यानं लावला. माणूस वाईट नाही, पण तोंडाआधी डोकं चालवायची त्याला सवय नाही. दोन वाक्यं झाली आणि तो ओरडला, "आयला, ह्यो आवाज आक्काचा न्हवं रं?" आणि तेवढ्यात फोनमधली बाई म्हणाली, "आमच्या गजरीची धार काढायच्या आधी मी तांब्याच्या बुडाला चार थेंब टाकून ठेवतो."

कृष्णातनं शेवटपर्यंत ऐकलं. विजयसिंहानं बंद करायला हात पुढं केला, तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या." मग कॅन तिथंच ठेवून चालत घरी आला. सायकल सुद्धा डेअरीतच राहिली.

दिवसभर तो भिंतीकडं तोंड करून पडून होता. आक्काला वाटलं, ऊन लागलं असेल. संध्याकाळी तो गोठ्यातल्या दगडावर येऊन बसला आणि म्हणाला, "आक्का, धार काढ." तिनं तांब्या आणला, तिरका धरला. "बघ, रिकामा हाय." त्यानं आत डोकावून बघितलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मान हलवली. तिनं धार काढली, तांब्या भरला, फेस वर आला. तिनं त्याच्या हातात दिला.

त्यानं तो तिच्याकडं परत धरला. "आधी तू पी."

"मी?" आक्का हसली. "मी कवा पितो रं धारेचं?"

"आज पी. गजरीचंच हाय. माझ्यासमोरच काढलंस की."

आक्कानं तांब्या घेतला. ओठांपर्यंत नेला. प्यायली असती तर दोन घोटांनी तिला काही होणार नव्हतं, फार तर झोप आली असती. पण तिच्यानं पिववेना. कृष्णात तिच्याकडं बघत होता, रागानं नाही, नुसता उत्तराची वाट बघत. शेवटी तिचा हात खाली आला. तो उठला, "बरं," म्हणाला आणि घरात गेला. गजरी वळून पेंडीच्या आंबोणाच्या पाटीकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी विजयसिंह सायकल आणि कॅन घेऊन दारात आला. मान खाली घालून त्यानं मोबाईल पुढं केला, आणि आक्कानं स्वतःचाच आवाज ऐकला. पहिल्यांदा तिच्या मनात आलं, किती मोठ्यानं बोलतो आपण. मग तिला कालचं 'आधी तू पी' आठवलं.

तिनं तशीच एसटी धरली. कागल येईपर्यंत ती रडत होती आणि कोल्हापूर येईपर्यंत पेटली होती. हॉल बंद होता, पण संस्थेची खोली शेजारीच. अनुजा लॅपटॉपवर काहीतरी टाईप करत होती. आक्काला बघून तिचा चेहरा उजळला. "आक्का! तुमचा व्हिडिओ किती ठिकाणी गेलाय माहितीये? चंदगडहून, गारगोटीहून बायकांचे फोन येताहेत, आम्हीही असंच करतो म्हणून..."

"माझ्या भावानं बघितला," आक्का म्हणाली.

अनुजा उभी राहिली. "पण चेहरा झाकला होता ना आम्ही. नाव नाही, गाव नाही..."

"आवाज कुणाचा हाय? म्हशीचं नाव कुणाच्या घरचं हाय? मुरगुडात दुसरी गजरी कोण हाय सांगा की मला! फळ्यावर काय लिवलंतं तुमी? इथलं इथंच! मी सहा वर्सं कुणाला बोललो न्हाय, डॉक्टरीणबाईंना बोललो न्हाय, तुमच्या फळ्यावर इस्वास ठेवून बोललो!" वाचनालयात पेपर वाचणारी माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. येऊ देत, आक्काला आज कुणाची पर्वा नव्हती. "इचारायचं तरी एकदा! आक्का, टाकू का म्हणून! मी काय न्हाय म्हटलं असतं?"

"चांगल्यासाठीच टाकला हो," अनुजा म्हणाली. "खरंच. कुणाचं वाईट व्हावं म्हणून नाही. विचारलं असतं तर तुम्ही घाबरला असता, नको म्हणाला असता, म्हणून..."

आक्का काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलं सुद्धा. पण हे शब्द तिच्या चांगल्या ओळखीचे होते. सहा वर्षं रोज संध्याकाळी ती गजरीच्या पाठीवर हात फिरवत स्वतःला हेच सांगत आली होती. ती खुर्चीत बसली. "मी बी चांगल्यासाठीच घालत व्हतो," म्हणाली. अनुजानं व्हिडिओ काढून टाकला, त्याचा काय उपयोग? तो आता डझनभर गावांच्या फोनांत होता. ती रडत म्हणाली, "मी आत्ताच तुमच्याबरोबर येते." आक्का म्हणाली, "नगं. तुमी न्हाय यायचं. माझं मलाच बोलू दे." तरी निघताना तिनं अनुजाला एक विचारलंच, कारण राग वेगळा आणि गरज वेगळी. "समजावून द्या म्हणत्यात. समजावायचं म्हंजी नेमकं कसं?" अनुजानं डोळे पुसले आणि सांगितलं. आधी कबूल करा. कारणं देऊ नका. तो विचारेल तेवढंच सांगा, खरं सांगा. आणि तो नाही म्हणाला तर ते नाही ऐकून घ्या.

पण कबूल करायला माणूस समोर तर बसला पाहिजे ना! कृष्णात घरातलं काही घेईना. केळी आणायचा, भुईमुगाच्या शेंगा आणायचा, उकडलेली अंडी कवचासकट, जे दुसऱ्याला उघडता येत नाही तेवढंच. आक्का खोलीत आली की बाहेर जायचा. पाचव्या दिवशी त्यानं पंख्याकडं बघून मान हलवली, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. सातव्या दिवशी तो रात्रभर येरझाऱ्या घालत होता. वर्गात शिकवलेली सगळी लक्षणं एकेक करून आक्काच्या डोळ्यांसमोर येऊन उभी राहत होती. तिला एकच भीती होती. आता हा औषध घेणार नाही, आणि आपणच त्याला पुन्हा त्या आवाजांच्या ताब्यात दिलं.

नवव्या दिवशी दुपारी तो घरामागच्या परड्यात शेंगा सोलत बसला होता. आक्का जाऊन जमिनीवर बसली. औषधाची नवी बाटली, झाकण न फोडलेली, आणि डॉक्टरीणबाईंचा कागद तिनं दोघांच्या मध्ये ठेवला.

"किस्ना, मी सहा वर्सं तुझ्या दुधात ह्ये घालत व्हतो. तुला न सांगता."

तो शेंगा सोलत राहिला. आक्काला किती कारणं सांगायची होती, तुझी गालफडं बसलती, तू जेवत नव्हतास, आई गेली होती. तिनं एकही सांगितलं नाही. आक्काला गप्प बसणं किती जड, हे गल्लीला विचारा.

मूठभर शेंगा सोलून झाल्यावर तो म्हणाला, "ह्यानं आवाज कमी हुत्यात?"

"व्हय."

"म्हंजी मी न्हाय त्यांना घालवलं?"

एवढ्या वर्षांत आक्कानं सगळ्याचा विचार केला होता, तो चिडेल, मारेल, पळून जाईल. हा विचार कधी केला नव्हता. आवाजांना आपण आपल्या मनानं हरवलं, ही त्याच्या आयुष्यातली एवढी एकच कमाई होती, आणि ती सुद्धा तिनंच तांब्यात घालून दिलेली निघाली.

"मला वाटलं, मी जिंकलो," कृष्णात म्हणाला. "डेअरीत सांगत फिरलो की समद्यांना."

"चुकलं माझं."

"परत आल्यात ते. मंगळवारपासनं. लई वंगाळ बोलत्यात." त्यानं हातातली शेंग खाली ठेवली आणि पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. "एकदा इचारायचंस तरी, आक्का. मी घेतलं असतं की. तू दिलं असतंस तर मी कायबी घेतलं असतं."

त्यानं बाटली उचलली, झाकण स्वतः फोडलं, कागद वाचला. नळाखाली पेला धुतला, पाणी घेतलं, ड्रॉपरनं थेंब मोजले आणि तिच्यासमोर प्याला. तिची जी भीती होती, ती खोटी निघाली. आणि खोटी निघाली म्हणूनच आक्का त्या परड्यात, भुईमुगाच्या टरफलांत, लहान पोरीसारखी रडली. सहा वर्षं. नुसतं विचारायचं होतं.

आता कृष्णात स्वतः एसटीनं कोल्हापूरला जातो, डॉक्टरीणबाईंसमोर बसतो आणि त्यांना इतके प्रश्न विचारतो की बाहेरची माणसं वैतागतात. त्याचं औषध बरोबर वेळेवर असतं. आक्का शिबिराला परत गेली, तीन महिन्यांनी. अनुजाशी ती नीट बोलते, पण कोपऱ्यात फोन दिसला की तोंड शिवून बसते. चंदनाबाईंनी आमरस बंद केला आणि अनेकांतला सांगितलं. तिथं काय झालं ते त्यांच्या घरचं.

दूध मात्र आक्काच्या हातचं कृष्णातनं पुन्हा घेतलं नाही. धार आता तोच काढतो. गजरी आधी त्याला पान्हा सोडेना. दोनदा लाथ मारली, एकदा तांब्या उडवला. तो तिच्याशी बोलत बसला, आंबोण चारलं, आठवडाभरानं जमलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी आक्काला दगडावर बसावं लागतं. कृष्णात तांब्या घासून धुऊन आणतो, तिच्यासमोर तिरका धरतो आणि म्हणतो, "बघ, रिकामा हाय."

त्याच्या आवाजात टोमणा नसतो, असता तर बरं झालं असतं. ती आत डोकावते. बुडाला पाण्याचे चार थेंब असतात. ती मान हलवते. तो धार काढतो, पहिला तांब्या तिला देतो, आणि ती संपवेपर्यंत समोर उभा राहतो. गल्लीत तिचा आवाज त्या वेळी कधी ऐकू येत नाही.